जंगलाच्या वह्या : गडचिरोलीपासून मेळघाटच्या पायथ्यापर्यंत सहा दिवस

दिवस पहिला : नागपूर ते मेंढा (लेखा)

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असं येत वैनगंगेचा पूल ओलांडला की आरमोरी लागतं आणि गडचिरोली जिल्हा सुरू होतो. रेल्वेने यायचं तर वडसा (देसाईगंज) हे सोयीचं स्टेशन. मार्चचा दुसरा पंधरवडा. बांध्यांमधलं धान केव्हाच उचललेलं, लाखोळीही निघालेली, पळस जवळजवळ गळून गेलेला. या दिवसांत येण्याला कारण आहे. तेंदूची, म्हणजे विडीच्या पानाची, खुटकटाई (झुडपांची छाटणी) आटोपत आलेली असते, मोह पडायला लागलेला असतो, बांबूची तोड चालू असते आणि वणव्याची भीती सगळ्यांच्या मानगुटीवर असते. सामूहिक वनहक्क, म्हणजे साऱ्या गावाचा मिळून जंगलावरचा कायदेशीर हक्क, काय असतो ते कागदापेक्षा या महिन्यात नीट दिसतं.

गडचिरोलीहून धानोरा रस्त्याने तीसेक किलोमीटरवर मेंढा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे हे गोंड गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम केलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावंही ठाऊक आहेत. घोषणेइतकी लोकांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे इथली निर्णयाची रीत. ग्रामसभा बहुमताने ठरवत नाही, सर्वांची संमती होईपर्यंत विषय पुढच्या बैठकीत जातो. निर्णयाआधी अभ्यास गट बसतो आणि कायदा, नकाशा, हिशेब असं जे काही लागेल ते वाचतो. वेळ लागतो, हे खरं. पण एकदा ठरलं की मोडायला कोणी मागे उरलेलं नसतं.

वनहक्क कायदा २००६ चा. तो अमलात आला ३१ डिसेंबर २००७ ला आणि नियम लागू झाले १ जानेवारी २००८ पासून. देशात सर्वांत आधी सामूहिक हक्क मिळालेल्या गावांत मेंढा आणि मर्दा ही गडचिरोलीची दोन गावं आहेत, साल २००९. मेंढ्याचं क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर. पण पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, हातात आला तरी बांबू गावाबाहेर नेता येईना. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता, २००६ च्या कायद्यात तो ‘गौण वनोपज’ झाला आणि या दोन व्याख्यांच्या मध्ये वाहतूक परवाना अडकला. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक, म्हणजे टीपी बुक, ग्रामसभेकडे आलं. २०१२ च्या नियमदुरुस्तीने हे सगळ्या गावांसाठी लिहूनच टाकलं : गौण वनोपजाचा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल.

या प्रवासात जागोजागी वह्याच पाहायच्या होत्या. पट्टा भिंतीवर फ्रेम करून लावता येतो, पण जंगल गावाच्या हातात राहतं ते ठराववही, मोजणीवही आणि टीपी बुक यांच्यामुळे. मेंढ्याने २०१३ मध्ये एक पाऊल आणखी पुढे टाकलं. १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करायचा ठराव केला. तो विषय मोठा आहे, इथे नुसती नोंद.

दिवस दुसरा : धानोरा तालुका, दाव्याची फाईल

आजचं गाव लहान आणि रस्त्यापासून आत. सामूहिक वनहक्काचा दावा उपविभागीय समितीकडून परत आलेला. फाईल उघडली की अशा दाव्यांत हमखास सापडणाऱ्या चुका एकेक करून समोर येतात.

पहिली चूक बहुतेक कोरमचीच. सभेला निम्म्याहून कमी हजेरी चालत नाही आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया लागतात. पुष्कळदा सभा भरते, चर्चाही होते, पण सह्यांची यादी दुसऱ्या दिवशी घरोघरी फिरवली जाते. मग अंगठ्यांच्या क्रमावरूनच कळतं की ही सभेची यादी नाही. दुसरी चूक वनहक्क समितीची. सदस्य १० ते १५, त्यांत दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश महिला. जुने सदस्य वारले किंवा लग्न होऊन गेले, तरी फळ्यावर तीच नावं राहतात.

तिसरी चूक सगळ्यांत महाग पडते, नमुन्याची. नमुना ‘अ’ वैयक्तिक शेतीचा, ‘ब’ सामूहिक हक्कांचा, म्हणजे चराई, मासे, वनोपज यांचा. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतरचा ‘क’ सामूहिक वनसंपत्तीचा, ज्यात राखण आणि व्यवस्थापनाचा हक्क येतो. नुसता ‘ब’ भरला तर तेंदू गोळा करता येईल, पण बाहेरच्या कुऱ्हाडीला अडवायचा अधिकार कागदावर येत नाही. कलम ३(१)(झ) हे शब्द ठरावात स्पष्ट लिहिलेले असावेत.

पुराव्यांची फारशी अडचण नसावी. दोन पुरावे पुरतात आणि ते सरकारी दप्तरातलेच हवेत असं नाही. निस्तारपत्रक (गावाच्या जंगलवापराची जुनी नोंद), जुनी वन कार्ययोजना, गॅझेटियर चालतं. तसंच मसणवटा, देवस्थान, जुनी विहीर, म्हाताऱ्या माणसांचा जबाब हेही चालतं. गाव जबाब घेतं आणि लिहितं एकाच ओळीत : ‘आमचे पूर्वज इथे राहत होते’. तसं न लिहिता कोणता नाला, कोणता देव, कोणत्या महिन्यात कोणती वस्तू कोणत्या पहाडीवरून आणली जाते हे लिहावं. त्या एका पानाने नकाशाला जीव येतो.

सीमेची पायी फेरी सकाळी निघते. सोबत जीपीएस, गावनकाशा, कक्ष क्रमांक लिहिलेला वनविभागाचा नकाशा आणि शेजारच्या गावची दोन-तीन माणसं. शेवटची गोष्ट विसरली तर सगळी मेहनत फुकट. दोन गावांच्या रेषा एकमेकींवर चढल्या की दोन्ही दावे थांबतात. दर वळणावर एक बिंदू घ्यायचा, बिंदूला नाव द्यायचं (‘मोठा ऐन’, ‘उंबराचा डोह’), आणि शेजाऱ्यांची सही त्याच दिवशी, त्याच झाडाखाली घ्यायची. यंत्र सुरू केल्या केल्या बिंदू घेतला तर तो चुकीचा पडतो. उपग्रह पकडायला त्याला दोनेक मिनिटं उघड्यावर धरावं लागतं, आणि दाट बांबूत तर आणखी वेळ. वापर सामाईक असेल, म्हणजे दोन्ही गावची ढोरं एकाच माळावर चरत असतील, तर रेषा ओढायच्या भानगडीत न पडता ‘सामाईक’ असंच लिहावं. कायद्याला ते चालतं.

दावा नामंजूर झाला किंवा क्षेत्र कापून आलं, तर अपिलाला ६० दिवस असतात. पण दिवस मोजायला लेखी कळवलेलं हवं. तोंडी ‘तुमचं नाही झालं’ हे कळवणं नव्हे. त्या कागदाची मागणी करणारा अर्ज आधी टाकायचा आणि त्याची पोच ठराववहीत डकवायची.

संध्याकाळी मोहाखाली. पहाटे पडलेली फुलं दुपारपर्यंत वेचून होतात. झाडाखालचा पाचोळा जाळला की फुलं चटकन दिसतात, आणि पसरलेल्या वणव्यांचं एक मोठं कारण नेमकं हेच आहे. उपाय साधा आहे पण कंटाळवाणा. खराट्याने झाडाखालचं अंगण करून घ्यायचं, किंवा जुनी लुगडी, जाळी अंथरायची. ग्रामसभेने जाळण्यावर दंड लावून भागत नाही. जाळी कोण देणार तेही त्याच ठरावात असावं लागतं. ओली चार-पाच किलो फुलं वाळून जेमतेम किलोभर राहतात. जमिनीवर वाळवली तर माती लागते आणि व्यापारी भाव पाडतो, नीट न वाळवता भरली तर बुरशी धरते. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप या भागात आला, तेव्हापासून घरात साठवलेल्या मोहाचा आणि धानाचा वास ही आणखी एक काळजी आहे. पहाटे अंधारात एकट्या बाईने मोहाला जाणं कित्येक गावांनी थांबवलं.

दिवस तिसरा : कोरची, तेंदू

कुरखेड्याहून कोरची. छत्तीसगडची सीमा इथून हाताच्या अंतरावर. या तालुक्यातल्या नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. प्रत्येक गावातून दोन बाया आणि दोन पुरुष प्रतिनिधी. एकट्या गावाने तेंदूच्या ठेकेदाराशी बोलणं वेगळं आणि साऱ्यांनी एकत्र लिलाव पुकारणं वेगळं, एवढं एक कारणही तिला पुरेसं आहे.

तेंदूचं गणित समजून घेतल्याशिवाय इथलं काहीच समजत नाही. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पानं. १,००० पुड्यांचं एक प्रमाण गोणी, म्हणजे ७०,००० पानं. शेजारच्या मध्य प्रदेशात पुडा ५० पानांचा, त्यामुळे सीमेपलीकडचा भाव ऐकून इथे वाद घालण्यात अर्थ नसतो. आधी सत्तराला सत्तर करून घ्यावं लागतं.

फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत खुटकटाई. तेंदूचं झुडूप जमिनीलगत धारदार विळ्याने सपाट कापायचं. बुंधा चिरला किंवा वर ठेवला तर फुटवे कमजोर येतात. साधारण दीड महिन्यात नवी, मऊ, रुंद पानं तोडायला येतात. मोठ्या झाडाच्या फांद्या छाटायच्या नाहीत, कारण टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, त्याच झाडांना लागतात आणि पुढचं बीही तिथलंच. कटाईची मजुरी वाचवायला काडी लावली तरी पानं येतात, दिसायला छानही येतात. पण त्या आगीत ऐन, बीजा, मोह यांची वीतभर रोपं जातात, आणि ते नुकसान कुठल्याच वहीत चढत नाही.

तोडणी एप्रिलअखेर ते मे. पहाटे जंगल, दुपारी घरी पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे जमा करण्याच्या जागी. पूर्ण वाढलेलं पण चामडट न झालेलं, भोक नसलेलं पान हवं. फळीवर शंभराच्या ओळीने पुडे उन्हात मांडतात, काही दिवसांनी उलटतात आणि सुकले की बारदानात भरतात. भरण्याआधी पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर पान हातात चुरा होतं. पाणी जास्त झालं तर गोणीत आतून काळं पडतं. गारपीट झाली तर फळीवरचा माल संपला. म्हणून नुकसान कोणाचं हे करारात आधीच लिहायचं : मजुराने मोजून दिलेला पुडा त्याच क्षणी ठेकेदाराचा.

फसवणुकीच्या जागा ठरलेल्या आहेत. शेकड्यामागे चार-पाच पुडे ‘खराबी’ म्हणून जास्तीचे मागायचे, ही सगळ्यात जुनी. ती थांबते ती फळीवर ग्रामसभेचा स्वतःचा मुन्शी बसवल्याने. ठेकेदाराचा एक आणि गावाचा एक, दोघांच्या वह्या रोज रात्री जुळवायच्या आणि फरक त्याच रात्री मिटवायचा. मजुराच्या कार्डावर त्याच्यासमोरच आकडा लिहायचा. गोण्या भरताना पुन्हा मोजणी, कारण फळीवरचे पुडे आणि गोणीतले पुडे यांत तफावत निघाली की रॉयल्टी गोणीवर धरायची की पुड्यावर, यावर पावसाळाभर भांडण चालतं. (‘रॉयल्टी’ हा शब्द सगळे वापरतात. खरं तर मालक गावच आहे, तेव्हा ही मालाची किंमत झाली. शब्द जुन्या ठेकेदारीतून आला आणि राहिला.)

दुसरी जागा पैशाची. २०१७ च्या हंगामात गडचिरोलीत तेंदूला चढा भाव आला, त्याच वर्षी जुलैपासून पानावर १८ टक्के जीएसटी बसला आणि पुढच्या हंगामात भाव घसरला. चढ्या बोलीवर भुलून सही करणाऱ्या गावांना पडत्या वर्षी कळतं की बोली म्हणजे पैसे नव्हेत. ज्यांचे करार टिकतात त्यांत तीन-चार गोष्टी असतात. लिलावाच्या दिवशी अनामत. तोडणीआधी मजुरीची रक्कम ग्रामसभेच्या खात्यात. उरलेली रक्कम हप्त्यांनी, तारखा लिहून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जेवढा पैसा आला तेवढ्याच गोण्यांचा वाहतूक परवाना. कायद्याने गावाच्या हातात दिलेली खरी किल्ली ही आहे. माल एकदा दुसऱ्या तालुक्यातल्या गोदामात गेला की मग वकील शोधत फिरावं लागतं.

खातं ग्रामपंचायतीचं नको, ग्रामसभेचं हवं, पॅनही वेगळा हवा. बँकेत यावरून खेटे पडतात, कारण तिथल्या फॉर्ममध्ये ‘ग्रामसभा’ असा रकानाच नसतो. वनहक्काच्या पट्ट्याची आणि ठरावाची प्रत, सह्या करणाऱ्या तिघांची ओळखपत्रं (तिघांत एक तरी बाई), एवढं घेऊन हंगामाच्या दोन महिने आधी जावं. मेमध्ये गेलात तर पैसे कोणा एकाच्या खात्यात येतात आणि गावात मग वर्षभर बोलणं होत नाही.

दिवस चौथा : पाचगाव, बांबू

गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी करत वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातला गोंडपिपरी तालुका. पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरवर हक्क मिळाला. काल जे पीक म्हणून पाहिलं ते इथल्या ग्रामसभेने सोडून दिलं आहे. तेंदूसाठी झाडं छाटली जातात आणि आगी लागतात, म्हणून तेंदू गोळा करायचा नाही असा ठराव. पक्ष्याला आणि माणसाला टेंभरं मिळतात ती वेगळीच. याचं कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये : ज्याच्याकडे विकण्याजोगा बांबू आहे त्याला तेंदू सोडणं परवडतं. कोरचीतल्या गावाला हाच उपदेश करायला जाऊ नये. जंगलाचा एक भाग गावाने काहीही न तोडता राखून ठेवला आहे.

इथला बांबू मानवेल. विदर्भात त्याच्या बेटाला रांजी म्हणतात, आणि तोड शिकायची म्हणजे रांजी वाचायला शिकायची. यंदाच्या पावसात निघालेल्या वेळूवर कोश चिकटलेला, अंगावर पांढरी भुकटी, फांद्या नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या वेळूला कोश फक्त बुडाशी. तिसऱ्या वर्षापासून कांडं पिवळसर-हिरवं, टणक, कोयत्याच्या पाठीने ठोकलं तर खणखणीत. तोडायचा तो हाच. नवा कोंब रांजीच्या बाहेरच्या अंगाला येतो. म्हणून बाहेरून तोडणं सोपं असलं तरी त्याने पुढची पिढीच कापली जाते, आणि आत जुने वेळू एकमेकांत पिळून अडकतात. बरोबर पद्धत घोड्याच्या नालेची. जिकडे नवे कोंब नाहीत त्या बाजूने वाट करून आत शिरायचं आणि मधले जुने काढायचे. प्रत्येक रांजीत आठ-दहा धडके वेळू राहिलेच पाहिजेत, नव्या वेळूंना वाऱ्यात आधार तेच देतात.

काप जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर, पेराच्या लगेच वर आणि तिरका. पेराच्या बराच वर कापला तर पोकळीत पाणी साचून बुंधा सडतो. फार उंच ठेवला तर रांजीत खुंटांचं जंगल होतं आणि पुढच्या वेळी कोयता फिरत नाही. कंद खणायचा नाही. एका रांजीत पुन्हा तीन-चार वर्षांनीच यायचं, म्हणून जंगलाचे तेवढेच भाग पाडून दरवर्षी एक. जूनअखेर ते सप्टेंबर तोड बंद. त्या काळात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, फुटतात, आणि वास्त्याची भाजी किती खायची हाही ठरावाचा विषय होऊ शकतो. घराघराने रोज टोपलीभर वास्ते काढले तर तीन वर्षांनी तोडायला काय उरेल, हे साधं वजाबाकीचं गणित आहे.

मानवेल साधारण चाळीस वर्षांच्या आसपास एकदम फुलतो आणि मरतो. त्या वर्षी उत्पन्नाचा आकडा फुगतो, कारण सगळाच बांबू काढावा लागतो. वाळल्या रांजीला आग लागली तर खाली पडलेलं बीसुद्धा जातं. त्यानंतरची कित्येक वर्षं विकायला बांबू नसतो. दहा वर्षांचा आराखडा करताना या फुलोऱ्याची जागा ठेवायला हवी, आणि चांगल्या वर्षांतला काही पैसा बाजूला टाकायला हवा.

टीपी बुकात ट्रकचा क्रमांक, नग, लांबी, कुठून कुठे आणि किती दिवस वैध एवढं लागतं. कोऱ्या परवान्यावर आगाऊ सही करून ठेवायची नाही. ठेकेदाराला घाई असते तेव्हाच ही मागणी होते.

गावात बोडी (लहान तळं) किंवा रस्त्याचा प्रश्न निघतो तेव्हा वनहक्क कायद्याचं कलम ३(२) उपयोगी पडतं. शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, लहान तलाव, रस्ता अशा तेरा सुविधांसाठी, प्रत्येकी एक हेक्टरच्या आत आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, वनजमीन मिळू शकते. ग्रामसभेची शिफारस असावी लागते. घोळ होतो तो ज्या खात्याला काम करायचं ते ही शिफारस न घेता १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली प्रस्ताव टाकतं तेव्हा. मग एका बोडीला धरणाइतकी कागदपत्रं लागतात.

दिवस पाचवा

बल्लारशाहहून बडनेरा, तिथून अमरावती, परतवाडा. दिवसभर प्रवास. झाडीपट्टी संपून कापसाचा मुलूख लागला, एवढंच सांगण्याजोगं.

दिवस सहावा : पायविहीर

परतवाड्याजवळ, गाविलगडच्या डोंगरांच्या पायथ्याशी कोरकूंचं गाव. अचलपूर तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणजे पेसा, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, इथे नाही. वनहक्क कायद्याला मात्र अनुसूचित क्षेत्राची अट नाही, आणि याच आधारावर गावाला १९० हेक्टरांच्या आसपास जंगल मिळालं. जंगल म्हणायचं, पण मिळाली ती उघडी टेकडी. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा भारत जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला तो ती टेकडी पुन्हा झाकल्याबद्दल. इथलं सीताफळ ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने विकलं गेलं.

सीताफळच का, याला उत्तर आहे : शेळी त्याच्या पानाला तोंड लावत नाही. कुंपणाशिवाय टिकणारं आणि उथळ मुरमात येणारं दुसरं फळझाड सहज सुचत नाही. मार्चमध्ये झाडं निष्पर्ण दिसतात, मेली असं समजू नये. फळ दिवाळीच्या आगेमागे. डोळे उघडून फटी पांढुरक्या-पिवळ्या झाल्या की तोडायचं. त्याआधी तोडलं तर पिकत नाही, नुसतं काळं पडतं. तोडल्यावर दोन-तीन दिवसांत बाजार गाठावाच लागतो, म्हणून खोकी आणि गाडी आदल्या दिवशी तयार हवी.

चराईबंदी एकदम साऱ्या टेकडीवर लावली तर पहिल्या उन्हाळ्यातच मोडते. तुकडे पाडून, एक बंद ठेवून बाकी उघडे, आणि बंद तुकड्यातलं गवत कापून नेण्याची मुभा असेल तर ती टिकते. रायमुनियाची (घाणेरीची) झुडपं मुळासकट काढावी लागतात. नुसती छाटली तर दुप्पट फुटतात. काढलेल्या जागी त्याच पावसात गवताचं बी टाकलं नाही तर पुढच्या वर्षी रायमुनिया परत हजर.

उतारावर सलग समतल चर. ए-फ्रेमने, म्हणजे ओळंबा लावलेल्या ‘A’ आकाराच्या लाकडी चौकटीने, समपातळी आखायची, खोदलेली माती उताराच्या बाजूला टाकायची आणि तिच्यावर रोपं. पातळी थोडी जरी चुकली तरी पाणी एका टोकाला जमतं, तिथे चर फुटतो आणि खालचे सगळे चर ओळीने फोडत जातो. म्हणून दर थोड्या अंतरावर मध्ये मातीचा आडवा गट्टू सोडतात. दोन-तीन पावसाळ्यांत चर गाळाने भरतात. तो काढायला रोजगार हमीचं मस्टर (हजेरीपट) एप्रिलमध्ये निघायला हवं, त्यासाठी मागणीचे अर्ज मार्चमध्येच पडायला हवेत. मेअखेर मस्टर निघालं तर जूनचं पहिलं पाणी भरलेल्या चरांवरून सरळ नाल्यात जातं.